ताटं आधी मोजू, हॉल मग ठरवू

आइंडहोवन,
३ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही दोघं मजेत आहोत. आई, मागच्या फोटोत मी वाळलेली दिसले ती उन्हात डोळे बारीक केल्यामुळे. वजन तेवढंच आहे, जेवणही वेळेवर असतं. पुन्हा तेच विचारू नकोस.

बाबा, खर्चाची यादी मिळाली. फोनवर या विषयावर आपलं धड बोलणं होत नाही, तुम्ही चिडता आणि मला रडू येतं, म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा आणि मनूलाही वाचू द्या, लग्न तिचं आहे.

तुमच्या यादीत पहिली ओळ हायवेवरच्या लॉनची आहे आणि माणसांचा आकडा सगळ्यात शेवटी, तोही ‘अंदाजे ९००’. हे उलटं झालं. हॉल, जेवण, खुर्च्या, पाणी, गाड्या, सगळं माणसांवर ठरतं. मोठी जागा आधी धरली की ती रिकामी दिसू नये म्हणून माणसं वाढतात. म्हणून आधी ताटं मोजू.

मी तुमचीच नावं घेऊन बसले. जवळचे नातेवाईक ४५ घरं, घरटी ४, म्हणजे १८०. गल्ली आणि सोसायटी ६० घरं, घरटी २, म्हणजे १२०. शाळेतले तुमचे सहकारी ४०. हे झाले ३४०. लग्न मधल्या वारी असेल तर यातले तीन चतुर्थांश येतील, २६० धरू. मुलाकडचे १५० म्हणालेत. वाजंत्री, ड्रायव्हर, फोटोवाले, वाढपी असे ३०, यांना सगळे विसरतात आणि ऐनवेळी ताटं कमी पडतात. एकूण ४४०, आपण ४५० म्हणू. उरलेली नावं तुम्ही भावकी काय म्हणेल या भीतीने लिहिलेली आहेत. त्यांच्या घरी तुम्ही आणि आई पेढे घेऊन जा, दोन घोट चहा घ्या. त्याने मान राहतो.

इथे लोक माणसं कशी मोजतात ते सांगते. तुम्हाला विचित्र वाटेल, मलाही समजायला वेळ लागला. डच लग्नात पाहुण्यांचे दोन प्रकार असतात, दिवसाचे आणि संध्याकाळचे. पत्रिकेवरच कळतं की आपण कुठले. दिवसाचे पाहुणे लग्नविधीला येतात, केक खातात, रात्री सोबत जेवतात. संध्याकाळचे पाहुणे आठच्या सुमाराला येतात, आपापल्या घरी जेवून. हो आई, जेवून. त्यांना पेयं मिळतात, बिटरबालन नावाचे बहुधा बीफच्या सारणाचे तळलेले गोळे मिळतात, नाच होतो आणि निघताना बऱ्याच ठिकाणी बटाट्याच्या फ्राईजचा एक द्रोण हातात देतात. ऑफिसातले, शेजारचे, लांबचे नातेवाईक बहुधा संध्याकाळचे असतात, आणि कोणी रुसत नाही. पत्रिका नावानिशी असते. ज्याचं नाव नाही त्याने यायचं नाही, मग तो सख्ख्या मित्राचा नवा जोडीदार का असेना. येणार की नाही हे ठरलेल्या तारखेपर्यंत कळवायचं, काय खात नाही तेही कळवायचं. भेट काय आणावी हे सांगायला पत्रिकेवर छोटंसं पाकिटाचं चित्र छापतात, म्हणजे रोख द्या. पत्रिकेवर एका माणसाचा फोन नंबर असतो, त्याला सेरेमोनीमेस्तर म्हणतात. भाऊ, बहीण किंवा मैत्रीण असते. पत्ता विचारायचा, भाषण करायचं, उशीर होणार, काहीही असलं तरी फोन त्यालाच. नवरा-नवरीला किंवा त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारत नाही.

‘घरी जेवून या’ असं आपल्याकडे म्हणता येणार नाही, म्हणायचंही नाही. पण शेवटची गोष्ट घ्या. पत्रिकेवर तुमचा नंबर नको, श्रीकांतमामाचा द्या. हॉलवाला, आचारी, मंडपवाला, सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. त्या दिवशी बाबांच्या कानाला फोन नको.

आता मुहूर्त. गुरुजींना तुळशीच्या लग्नानंतरचे मधल्या वारचे, सकाळचे मुहूर्त काढायला सांगा. गोरज मुहूर्त फोटोत सुंदर दिसतो, पण त्यात दुपारचा नाश्ता, रात्रीचं जेवण, जास्तीची रोषणाई असं सगळं वाढतं, आणि उघड्या लॉनवर थंडीत म्हातारी माणसं गारठतात. सकाळचा मुहूर्त म्हणजे एक नाश्ता, एक जेवण, चारपर्यंत हॉल मोकळा.

गावातल्या कार्यालयाचं भाडं तुम्ही ५०,००० लिहिलंय. ते नुसतं भाडं आहे. वीज मीटर वाचून वेगळी लावतात का, जनरेटर तासावर आहे की डिझेलवर, साफसफाई किती, भांडी-गॅस धरले आहेत का, बाहेरचा आचारी आणला तर रॉयल्टी घेतात का, आदल्या संध्याकाळी किती वाजता ताबा मिळेल, वधूपक्षाच्या खोलीत गरम पाणी येतं का, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. सगळं धरून ६५,००० च्या आत बसायला हवं. मुहूर्त बदलला तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळवतील का, हेही. तोंडी ‘बघू की’ चालत नाही. मीटरचं वाचन ताबा घेताना आणि सोडताना मामाने फोटो काढून ठेवायचं.

जेवणाबद्दल जास्त लिहिते, कारण पैसा तिथेच जातो आणि नावही तिथेच जातं. आचाऱ्याने ताटाला २६० सांगितले आहेत ते मसालेभात, वरणभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फतफतं, कोशिंबीर, जिलेबी, मठ्ठा एवढ्याला. हे उत्तम जेवण आहे. त्यात पनीर, चायनीज, तीन गोड पदार्थ घातले की दर चारशेवर जातो आणि लोक सगळं थोडं थोडं घेऊन टाकून देतात. गोड एकच ठेवा, पण जिलेबी तिथेच तळलेली, गरम. माणशी १०० ग्रॅम धरली तर ४५ किलो. मठ्ठा माणशी एक पेला, म्हणजे ९० लिटर. तो दोनदा करायला सांगा, कारण पहाटे केलेला दुपारी दोनला आंबतो आणि शेवटची माणसं तोंड वाकडं करतात.

४५० ताटांची हमी देऊ नका. हमी ४०० ची द्या आणि वरच्या ५० चा शिधा तयार ठेवून त्याच दराने, मोजून पैसे, असं ठरवा. हमीपेक्षा कमी आले तरी पैसे पूर्णच जातात, म्हणून हमी खालच्या आकड्याची. बुफेत गफलत होते ती ताटांच्या मोजणीत. भाताला लोक दुसरं ताट घेतात आणि एकाच माणसाचे दोनदा पैसे लागतात. सुरुवातीला कोरी ताटं मोजायची, शेवटी उरलेली मोजायची, आचाऱ्याचा एक माणूस आणि आपल्याकडून बंटी. दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्यांसाठी भाताजवळ वाट्या ठेवल्या की ताटं वाचतात.

अक्षता पडल्या की साडेचारशे माणसं एकदम जेवणाकडे वळतात, आणि त्या अर्ध्या तासात सगळं बिघडतं. एकाच टेबलावर रांग लागली की लोक हॉलबाहेरचा वडापाव खाऊन निघून जातात आणि वर्षभर सांगतात. दोन्ही बाजूंनी वाढता येईल अशी तीन टेबलं मांडायला सांगा, म्हणजे सहा रांगा होतात. पाणी रांगेच्या शेवटी नको, वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. विहिणींची पंगत मात्र बसूनच होऊ दे, ४० पानं, रांगोळी काढून. तिथे काटकसर करायची नाही.

आता हिशेब. हॉल ६५,०००. लग्नाचं जेवण ४५० ताटं, १,१७,०००. हळदीच्या संध्याकाळी ८० माणसं १८० ने, १४,४००. सकाळचा नाश्ता १५० माणसं ७० ने, १०,५००. मंडप आणि फुलं ४०,०००. लग्नसराईत ऑर्किडचे भाव कोणी सांगू शकत नाही, म्हणून झेंडू, शेवंती आणि कापडी पडदे. फोटो आणि व्हिडिओ ५०,०००, पण अल्बमची पानं किती, मूळ फाइल्स मिळणार का हे लिहून घ्या आणि ३० टक्के रक्कम अल्बम हातात आल्यावर द्या. बेरीज २,९६,९००. मुलाकडच्यांशी निम्मानिम्मा केलं तर आपल्या वाट्याला १,४८,४५०.

आपला स्वतःचा खर्च असा: बस्ता आणि मानपान १,१०,०००, साखरपुडा घरीच ४५,०००, पत्रिका, गुरुजी, गाड्या, मनूची तयारी, रुखवत मिळून ६०,०००, दागिन्यांची घडणावळ, पॉलिश आणि कर ४०,०००. म्हणजे एकूण ४,०३,४५०. वर ४६,५५० हाताशी, कारण काहीतरी निघतंच. साडेचार लाख. तुमच्या यादीत अकरा आहेत.

निम्मानिम्मा म्हणायला तुम्हाला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण ‘आम्हाला काही नको, लग्न तेवढं चांगलं करून द्या’ असं ते म्हणाले ना? निम्मा खर्च त्या वाक्यातच आहे. ‘चांगलं’ म्हणजे काय हे याद्यांच्या बैठकीत आकड्यांत विचारायचं. हॉल कोणाचा, जेवण कोणाचं, बँड कोणाचा, वरातीची गाडी कोणाची, मानाच्या साड्या किती, सगळं दोन प्रतींत लिहा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. दोन्ही अंगी लग्न करून द्यायचं नाही. मुलगा समजूतदार आहे, मनू त्याच्याशी बोलली आहे. मुलीला-मुलाला जे देऊ त्याचीही सह्यांची यादी ठेवा. हुंडाबंदीच्या १९८५ च्या नियमांत तशी यादी ठेवायला सांगितलंच आहे, त्यात कोणाचा अपमान नाही.

आई, सोनं मी हिशेबात धरलेलं नाही, तू साठवलं आहेस ते पुरेसं आहे. तुझ्या पाटल्या मोडून नवीन करू नकोस. मोडीत घट धरतात, नव्याची घडणावळ लागते, वर जीएसटी ३ टक्के. नुसतं पॉलिश करून मनूच्या हातात घाल, तिला त्याच हव्या आहेत. जावयाची अंगठी नवी घ्याल तिच्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. बाकी जे मोडाल ते वितळवताना समोर उभी राहा, वजन आधी आणि नंतर.

हॉलवाला रोख मागेल. एका प्रसंगासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. आपली रक्कम लहान आहे, तरी सगळं बँकेतून द्या, म्हणजे पावती आपोआप राहते. लग्ननोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. नमुना ‘ड’ आधीच भरून ठेवा, दोन पत्रिका जपून ठेवा आणि गुरुजींची व तीन साक्षीदारांची सही त्याच दिवशी जेवणाआधी घ्या. नंतर एकेकाला शोधत फिरावं लागतं.

आता पैशांचं. बाबा, तुमचे अडीच लाख बाजूला आहेत. दोन लाख मी पाठवते आहे. लेकीचे पैसे घेत नाही असं म्हणू नका. अनिकेतला विचारूनच पाठवते आहे, त्याचंही तेच म्हणणं आहे, आणि त्याच्या घरी कोणी काही म्हणणार नाही. एफडी मोडू नका. फारच अडलं तर तिच्यावर कर्ज काढा, बँका ठेवीच्या व्याजापेक्षा थोडंच जास्त घेतात आणि ठेव शाबूत राहते. पतसंस्थेचं कर्ज मात्र नको. माझ्या लग्नाचं मागच्या चैत्रात फिटलं. त्या सहा वर्षांत तुम्ही डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललंत, हे मला मनूने सांगितलं. मला तेव्हा ८०० माणसं आणि घोडा हवा होता. मला माफ करा.

साखरपुड्याला मला यायला जमणार नाही. लग्नाला येईन, पण नऊच दिवसांसाठी, आणि एकटीच. अनिकेतला सुट्टी मिळत नाहीये. भांडण वगैरे काही नाही, कोणी विचारलं तर हेच सांगा. हळदीच्या दोन दिवस आधी पोहोचेन, करा-दिवा घेऊन मनूच्या मागे मीच उभी राहणार, तो मान दुसऱ्या कोणाला देऊ नका. आई, माझ्यासाठी साडी घेऊ नकोस, माझ्या लग्नातला शालू कपाटात आहे, त्याचा फॉल उसवलाय तेवढा लावून ठेव.

तुमची,
ताई

ता. क. पहिला एक लाख सोमवारी तुमच्या खात्यात येईल. हॉलची आगाऊ रक्कम त्यातूनच द्या आणि पावतीचा फोटो पाठवा. दुसरा लाख दिवाळीआधी. आणि बाबा, ऑपरेशनची तारीख लग्नानंतरच्या महिन्यातली घ्या. ते पैसे वेगळे पाठवणार आहे, या हिशेबात धरू नका.