लॅपटॉपसोबत सहा तासिकाही द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

शाळांना लॅपटॉप कधी शासकीय योजनेतून मिळतात, कधी आमदार निधीतून, कधी एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून. खोकी उतरतात, फोटो निघतात, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद होते. मुलांना ते यंत्र वापरायला कोणी आणि केव्हा शिकवायचे, याचा मात्र आदेशात उल्लेख नसतो. आमची मागणी एकच आहे: लॅपटॉप हाती देण्याआधी प्रत्येक वर्गाला सहा तासिका, मराठीतून आणि प्रत्यक्ष यंत्रावर.

मराठी शाळेतले मूल पहिल्यांदा अडते ते पासवर्डवर. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेदच नाही, त्यामुळे मोठा ‘ए’ आणि लहान ‘ए’ यंत्राच्या लेखी दोन वेगळी अक्षरे आहेत हे आपणहून लक्षात येत नाही. त्यात चुकून कॅप्स लॉक दाबले गेले असेल, तर पडद्यावर नुसते ठिपके उमटतात आणि पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. चौकटीच्या टोकाला डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबले की काय टाइप झाले ते दिसते. एवढे दाखवायला दोन मिनिटे लागतात. ते न दाखवल्यामुळे चालू स्थितीतले लॅपटॉप ‘बिघडले’ म्हणून कपाटात जातात. टचपॅडचेही तसेच. अनेक लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या एका कळीने तो बंद होतो, त्याच कळीने पुन्हा सुरू होतो, पण ती कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते. म्हणून आपल्या यंत्रावरची कळ शोधून त्यावर खुणेची पट्टी चिकटवावी.

दोन तासिका फक्त मराठी टायपिंगला हव्यात. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडून इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) निवडला की विंडोज-की आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत जाता येते. डाव्या हाताला बहुतेक स्वरचिन्हे, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘नागपूर’ लिहायला इंग्रजी व्ही, ई, आय, एच, टी, जे या सहा कळा पुरतात. खरी अडचण ‘विदर्भ’ला येते. हाताने लिहिताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे येते, म्हणून मुले आधी वेलांटीची कळ दाबतात आणि पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. यंत्राला क्रम उच्चाराचा हवा असतो: आधी ‘व’, मग वेलांटी. रफारही तसाच, आधी ‘र’, मग हलन्त, म्हणजे डी-ची कळ, आणि नंतर ‘भ’. ‘ळ’ शिफ्ट आणि एन-वर आहे. तो सापडत नाही म्हणून मुले ‘शाला’, ‘फला’ लिहू लागतात, हे आम्हाला मनापासून खटकते. खरेदीच्या अटींतच कीबोर्डवर देवनागरी अक्षरे छापलेली असावीत असे नमूद करा. फार तर स्टिकर द्या, पण द्या.

फाइल कुठे जाते हा पुढचा घोळ. मोबाइलची सवय झालेल्या मुलाला फाइलला ‘जागा’ असते हे ठाऊक नसते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यांवरच हा धडा घ्यावा. गणिताचे पुस्तक डाउनलोड करायचे, डाउनलोड्समधून उचलून स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे, वायफाय बंद करायचे आणि मग उघडून दाखवायचे. हे जमले नाही की मूल रोज तेच पुस्तक नव्याने उतरवते, नावापुढे कंसात १, २, ३ लागत जातात आणि शिक्षकांच्या हॉटस्पॉटचा डेटा संपतो. त्या हॉटस्पॉटला सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजका डेटा असलेले) करून ठेवले, तर विंडोजचे बहुतेक अपडेटही त्यावरून उतरत नाहीत.

झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप बंद झाला असे नाही. तो झोपतो, बॅटरी खात राहतो. ‘शट डाउन’ करायची सवय पहिल्याच दिवशी लावावी. झाकण मिटण्यापूर्वी कीबोर्डवर पेन राहिले नाही ना, हेही पाहावे, कारण पडदे असेच फुटतात.

आता विजेचे. एक चार्जर ६५ वॉटचा धरला तर वीस चार्जर १,३०० वॉट ओढतात, आणि ६ अँपिअरचा साधा सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट पेलतो. चाळीस लॅपटॉप एका एक्स्टेंशनच्या साखळीवर लावले की प्लग तापतो, वितळतो. म्हणून लॅपटॉपसोबत प्रत्येक शाळेला १६ अँपिअरचे दोन स्वतंत्र पॉइंट मंजूर करा, एमसीबीसह, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचसह. याला लॅपटॉपच्या मानाने किरकोळ खर्च येतो.

आणि आमचा उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांच्या आतच वापरायला सांगतात. सुटीत टिनाच्या छताखाली पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण रिकामी ठेवलेली अनेकदा पुन्हा चार्जच घेत नाही. निम्म्या चार्जवर, शट डाउन करून, तळमजल्यावरच्या खोलीत ठेवावे आणि महिन्यातून एकदा कोणीतरी तपासावे. हे काम कोणाचे, ते परिपत्रकात लिहा. नाहीतर ते कोणाचेच नसते.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर चालणारी जुनी यंत्रे ‘देणगी’ म्हणून शाळांच्या गळ्यात पडू नयेत, एवढेही पाहावे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असाल, तेव्हा या सहा तासिकांचा निर्णय व्हावा. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. वेळापत्रके त्याआधी ठरतात, म्हणून परिपत्रक एप्रिलपर्यंत मुख्याध्यापकांच्या हाती पडायला हवे.

आपले,
नागपूर जिल्ह्यातील संगणक शिकवणारे काही शिक्षक