ताप उतरत नाही, की मात्राच चुकते?

मा. संपादक,
स. न.

मूल तापलं की दोन दिवसांत डॉक्टर बदलणारे पालक पुष्कळ आहेत. ‘त्यांच्या औषधानं ताप उतरलाच नाही’ ही त्यांची तक्रार. पण बऱ्याचदा औषध बरोबर असतं, चुकलेली असते ती मात्रा.

मुलांचं पॅरासिटामॉल दुकानात मुख्यतः तीन ताकदींत मिळतं. ड्रॉप्सच्या १ मिलीत १०० मिग्रॅ, साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० आणि जास्त ताकदीच्या सिरपच्या ५ मिलीत २५० मिग्रॅ. एका वेळची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे साधारण १५ मिग्रॅ. १० किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ लागतात: ड्रॉप्स दीड मिली, साधं सिरप सव्वासहा मिली किंवा २५०चं सिरप ३ मिली. ड्रॉप्स संपले म्हणून साधं सिरप तेवढंच दीड मिली पाजलं, तर पोटात जातात फक्त ३६ मिग्रॅ. मग ताप कसा उतरणार? याच्या उलट चूक फार घातक. सिरप समजून ५ मिली ड्रॉप्स दिले, तर एकदम ५०० मिग्रॅ जातात आणि असे डोस होत राहिले तर यकृतावर बेततं.

त्यात घरातला चमचा. दोन चमच्यांत सारखं औषध मावत नाही. बाटलीबरोबरचं माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी. दोन डोसांत चार ते सहा तास अंतर, दिवसभरात जास्तीत जास्त चार डोस. डोस दिल्यावर ताप अर्ध्या-एक तासानं थोडा खाली येतो, पूर्ण जाईलच असं नाही. म्हणून लगेच दुसरा डोस देऊ नये. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही दिली की मात्रा दुप्पट होते. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५मध्ये बजावलं आहे.

डॉक्टर बदलायचेच असतील तर आधीच्या बाटल्या सोबत न्याव्यात आणि कुठलं औषध किती वाजता, किती मिली दिलं हे कागदावर लिहून न्यावं. हे कळलं नाही, तर नवीन डॉक्टर औषध लागू पडलं नाही असं समजतात आणि गरज नसताना अँटिबायोटिक सुरू होतं.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल, किंवा कुठल्याही वयाचं मूल पाणी पीत नसेल, गुंगीत असेल, त्याला झटके येत असतील किंवा धाप लागली असेल, तर घरी हिशेब करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुलाचं वजन, औषधाची ताकद आणि मिली तिन्ही लिहावं. आम्ही दुकानदारांनी सिरिंजवर पेनानं खूण करून द्यावी आणि पालकांनी ती खूण बघितल्याशिवाय काउंटर सोडू नये.

— एक फार्मासिस्ट, सातारा