सातसीटरच्या शेवटच्या रांगेत कोण बसतं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दिवाळी-दसऱ्याला गाड्यांची पुरवणी येते, ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, कारण आमच्या घरात दहाएक वर्षं सातसीटर गाडी आहे आणि त्या गाडीवर आमच्या सगळ्या घराचा जीव आहे. पण त्या पुरवणीत शेवटच्या रांगेबद्दल एकच वाक्य असतं, "लहान मुलांसाठी ठीक". हे वाक्य आता वाचवत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, तरी जमलं तर छापा.

आधी गाडीबद्दल सांगतो म्हणजे मी मोठ्या गाडीच्या विरोधातला नाही हे कळेल. 2016 ला घेतली, डिझेल, आता 1 लाख 64 हजार किलोमीटर झालेत. आम्ही राहतो पुण्यात सिंहगड रोडला आणि गाव कऱ्हाडच्या पुढं. लहानपणी गावी जायचं म्हणजे एसटी नाहीतर कुणाची तरी सुमो. त्या सुमोत मागं डिकीत समोरासमोर दोन बाक असायचे, तिथं आम्ही पाच-सहा पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, एकाला गाडी लागली की सगळ्यांनाच लागायची. सुमो 1994 ची, मग 2000 ला क्वालिस आली, 2005 ला इनोव्हा, आणि तेव्हापासून मोठं कुटुंब म्हणजे सातसीटर हे आपल्याकडं पक्कं झालं. आपण पण एक घ्यायची हे मी तेव्हाच ठरवलेलं.

आणि या गाडीनं दिलंय पण भरपूर. वडील शेवटचे आजारी होते तेव्हा मधली सीट पाडून, गादी टाकून रात्री अडीच वाजता त्यांना गावाहून पुण्याला आणलं, अँब्युलन्स मिळत नव्हती. भावकीतल्या तीन लग्नांची रुखवतं हिच्यातून गेली. ज्वारीची पोती, आंब्याच्या पेट्या, आणि दर दिवाळीला येताना गूळ आणि काकवी. कुलदैवत जोतिबा, तिथं वर्षातून एकदा सगळे एकत्र जातो. आईला छोट्या गाडीत खाली वाकून बसता येत नाही, हिच्यात सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, ती सरळ बसते आणि सरळ उतरते. डिझेल खाते, शहरात बाराच्या वर देत नाही, पार्किंगला जागा मिळेपर्यंत सोसायटीला तीन चकरा, तरी गाडी विकायचा विचार कधी मनात आला नाही.

आता मूळ गोष्ट. मागच्या दिवाळीत गावाहून परत येत होतो. पुढं मी आणि दादा, मध्ये आई, वहिनी आणि माझी बायको, मागं माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि दादाची आठ वर्षांची मुलगी. त्यांच्या मागं डिकीत बॅगा, आणि डिकी भरली म्हणून बॅगांच्या वर गुळाची पाच किलोची ढेप आणि काकवीचा डबा. हे सगळं सीटच्या पाठीच्या वर आलेलं, आरशातून मागचं काही दिसत नव्हतं. असं आम्ही पंचवीस वेळा तरी केलं असेल.

खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याच्या बाजूला ते एस वळण येतं, ज्यांना माहितीये त्यांना जास्त सांगायला नको, तिथं किती अपघात झालेत ते तुमच्याच पेपरात येत असतं. उतार आहे, गाडी साठच्या आसपास होती. वळणात पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, टेम्पोला टेकली सुद्धा नाही, चार-पाच फूट अंतर राहिलं. मला वाटलं वाचलो. आणि मग मागून रडण्याचा आवाज आला.

पुतणी सीटवरून सुटून मधल्या सीटच्या हेडरेस्टच्या लोखंडी दांडीवर तोंडानं आपटली होती. पुढचे दोन दात तुटले, ओठाला चार टाके. मुलाच्या खांद्याला मुका मार. आणि ती गुळाची ढेप सीटवरून उडून दोघांच्या मधे, पायापाशी पडलेली होती. एक वीतभर डावीकडं पडली असती तर पोराच्या डोक्यात बसली असती. माझ्या आणि दादाच्या अंगावर बेल्ट होता, आम्हाला खरचटलं पण नाही.

शिरवळला टाके घातले, पुण्यात आलो, रात्रभर झोप नाही. सकाळी खाली जाऊन गाडीत मागं शिरलो. शेवटच्या रांगेला बेल्ट आहेत हे मला माहिती होतं, पण नऊ वर्षांत एकदाही कुणी लावलेले मी बघितले नव्हते. गाडी नवीन घेतल्या घेतल्या सीटकव्हर बसवलेले, कव्हरवाल्यानं बक्कल सीटच्या फटीत खाली ढकलून वरून कव्हर ओढून शिवून टाकलेलं. कव्हर फाडलं तेव्हा एक बक्कल निघालं, दुसऱ्यात बिस्किटाचा चुरा, वाळू आणि एक रुपयाचं नाणं, ते लागतच नव्हतं. म्हणजे त्या दिवशी मी मुलांना बेल्ट लावा म्हणालो असतो तरी त्यांना लावता आला नसता. कव्हरवाल्याला मी दोष देत नाही, त्यानं विचारलेलं, "मागचे बक्कल ठेवायचे का?" मीच म्हणालो होतो, राहूदे, मागं कोण लावतंय.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आपल्या गाड्यांमध्ये बसायची एक पद्धत ठरलेली असते. पुढची सीट मानाची, तिथं जावई, मामा नाहीतर घरातला मोठा माणूस. मध्ये म्हातारी माणसं आणि बायका. आणि मागं पोरं, कारण "पोरं काय, कुठंही मावतात". एसटीत हाफ तिकीट असतं म्हणून गाडीत पण अर्धी सीट. दोघांच्या जागेत तिघं, कधी चौघं. घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आपण सगळ्यात उघड्या जागेवर बसवतो आणि त्याच्या मागं सामान रचतो.

उघडी का म्हणतो ते सांगतो. कुठल्याही सातसीटरमध्ये मागची सीट उघडी करून, डिकीचं दार लावून बघा, पाठ आणि काच यांच्यात किती जागा राहते. आमच्या गाडीत वीत-दीड वीत. मागून ट्रक आला तर मुलांच्या आणि ट्रकच्या मधे तेवढंच. शिवाय त्या रांगेला स्वतःचं दार नाही. बाहेर यायचं तर मधली सीट पुढं पाडावी लागते, मधल्या सीटवर बेशुद्ध माणूस असेल तर? डिकीचं दार बऱ्याच गाड्यांत आतून उघडत नाही. आमच्या मुलांना मधली सीट पाडायचा खटका कुठाय हेच माहिती नव्हतं, त्यांना उतरवायला नेहमी मोठं कुणीतरी असायचं.

लोक म्हणतात आमच्या गाडीला फाइव्ह स्टार आहेत. चांगलीच गोष्ट आहे, गाड्या धडकवून बघून सुरक्षिततेचे स्टार देणारं भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं तेव्हापासून लोक निदान स्टार विचारायला लागले. पण ते स्टार कशाचे ते पण बघावं. पुढून धडक ताशी 64 किलोमीटरला, बाजूनं 50 ला, आणि खांबावर आडवी 29 ला. मुलांचे पुतळे असतात ते दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे, चाइल्ड सीटमध्ये नीट बांधलेले. आठ वर्षांची मुलगी शेवटच्या रांगेत बेल्ट न लावता, मागं गुळाची ढेप, असली काही चाचणी त्यात नाही. मागून धडकेची पण आत्ताच्या स्टारमध्ये नाही. म्हणजे स्टार खोटे नाहीत, पण त्या स्टारवर आपण आपल्या शेवटच्या रांगेचा हिशोब करू नये.

4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता. तेव्हा दोन महिने सगळीकडं तीच चर्चा होती, मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. मोटार वाहन कायद्यात तर 2019 च्या दुरुस्तीपासूनच कलम 194 ब आहे, बेल्ट नसेल तर हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तरी गाडी चालवणाऱ्याला हजार. पण मी इतकी वर्षं पुणे-कऱ्हाड करतोय, मला पोलिसांनी कागद विचारले, पीयूसी विचारली, पुढं बसलेल्याचा बेल्ट बघितला, मागच्या रांगेत मान घालून कुणी एकदा पण बघितलं नाही. काळी फिल्म आहे का ते काचेवर बोट घासून बघतात, त्याच काचेच्या आत चार पोरं दाटीवाटीनं बसलेली असतात. आता बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या बेल्टची पण घंटी वाजते तर ती बंद करायला लोक बक्कलमध्ये खोटी क्लिप घालतात, 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं या क्लिपा ऑनलाइन विकू नका म्हणून कंपन्यांना आदेश दिले तरी त्या सगळ्या गेल्या असं मला वाटत नाही. हजार रुपयांच्या दंडाची भीती वाटते तेवढी पण स्वतःच्या पोराच्या दातांची वाटत नाही का आपल्याला? मला नव्हती वाटली, म्हणून विचारतोय.

साठच्या स्पीडला गाडी एकदम थडकली तर न बांधलेल्या माणसाला बसणारा मार म्हणजे साधारण चौदा मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखं, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. हे गणित शाळेतल्या मुलाला पण करता येतं. माझ्या मुलानंच मला करून दाखवलं, खांद्याला पट्टा बांधलेला असताना.

आम्ही काय केलं ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. सगळी कव्हरं काढली. खराब बक्कल बदलून घेतलं, अठ्ठावीसशे रुपये लागले, नऊ वर्षांत गाडीवर सगळ्यात कारणी लागलेला खर्च तोच. पुतणीसाठी बूस्टर सीट, म्हणजे मुलांना उंच बसवणारी बैठक, घेतली कारण मोठ्यांचा बेल्ट तिच्या गळ्यावरून जात होता, तो खांद्यावरून आणि मांडीच्या हाडावरून जायला पाहिजे, पोटावरून नको. ती आणि मुलगा आता मधल्या रांगेत कडेला बसतात. मधोमध नुसता कमरेचा पट्टा होता, तिथं आई बसायची, तिला आता पुढं बसवतो. मागं दादा आणि मी आलटून पालटून, एकजण चालवतो, दुसरा मागं. पहिल्यांदा खंबाटकी उतरताना मागं बसलो तेव्हा कळलं पोरांना गाडी का लागते, बरोबर चाकाच्या वर बसायचं, प्रत्येक खड्डा कण्यात जातो, एसीचा वारा पोचत नाही आणि पुढचा रस्ता दिसत नाही. इतकी वर्षं आम्ही त्यांना आवळासुपारी देऊन "झोप आता" म्हणायचो.

सामानाचं सगळ्यात अवघड गेलं. ही गाडी सात माणसांची आहे आणि भरपूर सामानाची पण आहे, पण दोन्ही एकदम नाही. सात बसले की डिकीत दोन बॅगा, बास. जड वस्तू खाली तळाला, सीटच्या पाठीच्या वर काही नाही, आणि वरून जाळी. गूळ आता एसटी पार्सलनं येतो नाहीतर पुण्यात विकत घेतो. गावी काकूला राग आला, एवढी मोठी गाडी असून ढेप नेत नाही म्हणून. फुल लोडला मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते, किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या आत स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते पण आम्ही पहिल्यांदाच वाचलं.

आणि नातेवाईकांना नाही म्हणायला शिकलो. यंदा जोतिबाला निघताना नऊजण झाले. आधी नऊचे अकरा पण नेलेत आम्ही. या वेळी सातच बेल्ट आहेत म्हणून दोघांना स्वारगेटहून कोल्हापूर एसटीत बसवलं, तिकीट आम्ही काढलं. थोरले काका दिवसभर बोलले नाहीत. चालेल.

संपादक साहेब, तुमच्याकडं दोन मागण्या आहेत. पुरवणीत सातसीटरबद्दल लिहाल तेव्हा तुमच्या माणसाला शेवटच्या रांगेत बसवून, सगळ्या सीटा भरून, घाटातून फिरवा, आणि तिथं बेल्ट कसला आहे, दहा वर्षांच्या मुलाला तो बसतो का, आतून बाहेर येता येतं का, ते लिहा. सनरूफ आणि टचस्क्रीनवर अर्धं पान जातं, त्यातलं एक कोपरा याला द्या. (सनरूफमधून पोरांना उभं करून एक्स्प्रेसवेवर फोटो काढतात त्यावर वेगळं पत्र लिहीन.) दुसरी मागणी तुमच्यामार्फत आरटीओकडं. पंधरा वर्षं झाली की खाजगी गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते, तेव्हा प्रत्येक सीटचा बेल्ट ओढून, बक्कल लावून बघावं, शेवटच्या रांगेपर्यंत. जुन्या सातसीटर गावाकडं विकल्या जातात आणि तिथं त्या शाळेची पोरं पण नेतात, हे आम्ही सगळे बघतो.

ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांनी आज रात्री पार्किंगमध्ये जाऊन मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा. पुतणीचे दात पक्के होते, परत येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले अठरा वर्षांची झाली की कायमचे बसवता येतील. तोपर्यंत दहा वर्षं आहेत.

आपला,
एक नियमित वाचक,
सिंहगड रोड, पुणे