सूचना : पावसाआधी पर्जन्यबागांची पाहणी

सर्व सभासदांना नमस्कार,

पहिला मोठा पाऊस येण्याआधी आपल्या देखरेखीखालच्या सार्वजनिक पर्जन्यबागांची (रस्त्यावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खोलगट बागांची) पाहणी उरकून घ्यायची आहे. सगळ्यात आधी रस्त्यावरचं पाणी बागेत शिरतं ते तोंड बघा, आणि नुसतं बघू नका, हाताने चाचपा. वरून मोकळं दिसलं तरी आत पालापाचोळा, पिशव्या आणि बारीक रेती बसून बोटभर उंचीचा उंबरठा तयार होतो. तेवढा पुरतो, पाणी बागेला वळसा घालून सरळ गटारात जातं. काढलेला गाळ बागेतच पसरू नका, बाहेर न्या. रस्त्यावरचं तेल आणि धूळ त्यातच असते.

खोलगट भागात उभं राहून काम करू नये. माती दबली की पाणी मुरत नाही. हौसेने कुणी भर घालून जागा सपाट केली असेल (हे होतंच!) तर ती काढावी लागेल, खोली साधारण 15 ते 20 सेंटीमीटर हवी. जादा पाणी बाहेर जाण्याची वाटही मोकळी ठेवा. खत अजिबात नको.

डासांबद्दल विचारणा होईल. पाणी 24 ते 48 तासांत मुरलं पाहिजे, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, असं सांगा. 48 तासांनंतरही डबकं राहिलं तर औषध फवारू नका. फोटो आणि पाऊस थांबल्याची वेळ ग्रुपवर टाका.