कठड्याचं तेवढं बघ

श्रीवर्धन

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर छकुली रडली, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आंब्यावर बांधलेल्या माचीची शिडी मीच काढून ठेवली, आईला बोलू नकोस. "आप्पा, पावसात कोण चढतंय?" म्हणालास. शेजारची पोरं चढतात रे. आणि कठडा जेमतेम गुडघ्याएवढा.

खरं तर कौतुक करायला बसलो होतो. मे महिन्यात आठ दिवस परसात नुसती ठोकाठोक चालली होती. दिवसभर कम्प्युटरसमोर बसणारा तू, हाताला फोड आले तरी करवत सोडली नाहीस. छकुलीचा पहिला खिळा वाकला, तर तोच सरळ करून ठोकायचा म्हणून हटून बसली. अजून आहे तो, दाराच्या डाव्या अंगाला, किंचित तिरका.

फळ्या गोठ्याच्या, 3 जून 2020 ला निसर्ग वादळात छप्पर उडालं तेव्हाच्या. त्या दुपारी पोफळी एकामागून एक आडव्या झाल्या, आंबा तेवढा राहिला. म्हणून तर तोच दाखवला तुला. जांभळावर बांधू दिलं नसतं. जांभळाची फांदी सांगून मोडत नाही, हे तुला काय सांगायचं! नऊ वर्षांचा होतास. मी खालीच उभा होतो, दोन हातांवर, तरी पोचलो नाही. करवत धरलीस तेव्हाही मी तुझं डावं मनगटच बघत होतो.

फांदीला आवळलेली नायलॉनची दोरी आधी काढ. झाड जाड होत जातं, दोरी सालीत रुतते. झाडाचं अन्न सालीतूनच खाली उतरतं, तेच अडतं. त्यापेक्षा आरपार बोल्ट बरा. आणि तुळई एका फांदीला घट्ट कर, दुसरीवर सरकती ठेव. वाऱ्यात दोन फांद्या एकसारख्या हलत नाहीत. परवा रात्रभर करकर ऐकत होतो. कठडा छकुलीच्या छातीपर्यंत हवा, पट्ट्यांमध्ये चार बोटांहून जास्त फट नको.

झालं, लागलो शिकवायला. माफ कर. तुम्ही सगळ्यांनी हौसेने केलंत आणि मी चुका मोजत बसलो.

माझे बाबा भात राखायला माळ्यावर झोपायचे, रानडुकरांसाठी. मी हट्टाने बरोबर जायचो. चार मेढी, वर पेंढा, कठडा कसला तो नाहीच. त्यांचा एक हात रात्रभर माझ्या कमरेवर असायचा. त्यांना झोप कधी लागत होती, हे विचारायचं राहून गेलं.

गणपतीला दोन दिवस आधी ये. थंडीत तोडलेले बांबू वाळलेत, रोज थोडे तासून ठेवतोय. आधी कठडा करू, मग शिडी लावू. छकुलीला सांग, शिडी टाकून नाही दिली, आजोबांच्या खाटेशेजारी उभी आहे.

तुझे
आप्पा