कृषिमंत्री साहेब, कोरडवाहू गव्हाच्या मशागतीकडे पण बघा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
नमस्कार साहेब.

गव्हाचा विषय निघाला की पाणी, खत, बियाणं एवढ्यावरच चर्चा होते, मशागतीचं कुणी काढत नाही, आणि आमच्या कोरडवाहू गव्हाचं निम्मं उत्पन्न तर तिथंच ठरतं. पावसाळ्यात काळ्या रानात जी ओल मुरली तेवढ्यावरच या पिकाला काढणीपर्यंत जगायचं असतं, वरून काही येत नाही.

आता होतं काय, मूग-उडीद निघाला की लोक लगेच रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागं गरगर फिरून माती बारीक करणारं अवजार, घालतात, रान दिसायला एकदम भारी, भुसभुशीत, पण खालची ओली माती वर येते आणि ऑक्टोबर हीटमध्ये वाळून जाते, मग पेरलेला दाणा कोरड्यात पडतो न् उगवण विरळ होते. उकरून बघा, वर चार बोटं पीठ आणि वर्षानुवर्षं रोटाव्हेटर फिरलेल्या रानात त्याच्याखाली घट्ट थर. मुळी ओलीच्या मागं खाली जायची ती तिथंच अडते, आणि दाणे भरायच्या वेळेला गहू चिमतो.

नांगरट वाईट नाही, पण ती उन्हाळ्यात. खरीप निघाल्यावर फक्त वखराची, म्हणजे आडव्या पात्याच्या अवजाराची, एक हलकी पाळी पाहिजे. त्याची फास, म्हणजे पातं, उथळ चालते, तण कापते, भेगा बुजवते आणि वरचा पातळ थर सुटा राहिला की खालची ओल उडत नाही. आपल्याच राहुरी विद्यापीठाच्या निफाड केंद्राने नेत्रावती, पंचवटीसारखे कोरडवाहूसाठी वाण दिलेत, नेत्रावतीची जिरायतात हेक्टरी 18 ते 20 क्विंटलची क्षमता सांगतात, पण ओलच घालवली तर वाण तरी काय करणार?

बैल गेले तसे वखरही गेले साहेब, आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज करताना जो तो रोटाव्हेटरच टाकतो, कारण गावात तेवढंच बघितलेलं असतं. तुम्ही कोरडवाहू तालुक्यांत ट्रॅक्टरचा वखर आणि शून्य मशागतीचं (रान न उकरता पेरणारं) पेरणी यंत्र अवजारे बँकेत भाड्याने मिळेल असं करा, अनुदानात त्यांना आधी नंबर द्या, आणि प्रात्यक्षिक घ्यायचं तर शेतकऱ्याच्याच रानात घ्या, अर्ध्यात रोटाव्हेटर न् अर्ध्यात वखर, दोन्हीकडचा गहू वेगळा मोजून आकडे गावात लावा. पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात असते, म्हणून हे सगळं सप्टेंबरच्या आत व्हायला हवं, नाहीतर हाही हंगाम जाईल.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी