मुक्कामी गाडी

डोंबिवली,
मंगळवार, रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही सकाळपासून तीन वेळा फोन केलात आणि मी एकदाच उचलून "मी ठीक आहे, नंतर बोलते" एवढंच म्हणाले. टीव्हीवर कुर्ल्याचे रूळ पाण्याखाली दिसत असताना तेवढ्याने तुमचं समाधान झालं नसणार. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईचा पाऊस म्हटलं की आईला धडकी भरते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आता सगळं नीट लिहिते.

पहाटे पाच वाजता वीज नव्हती, त्यामुळे पंप चालला नाही आणि पाणी चढलं नाही. कालच्या दोन बादल्यांवर भागवलं. तिसरी पोळी तव्यावर असताना गॅस संपला. हे साडेपाचलाच पहिल्या पाळीला गेले होते. नवा सिलिंडर कोपऱ्यातून ओढून लावण्यापेक्षा मी आई, तू परवा दादाबरोबर पाठवलेल्या दशम्या डब्यात भरल्या. त्या दशम्यांची गोष्ट पुढे येईलच. तुमच्या नातवाला गणवेश घालून, भांग पाडून दारात उभा केला आणि शाळेला सुट्टी दिल्याचा मेसेज आला. मी क्षणभर भिंतीला टेकले. तेवढ्यात समोरच्या काकूंनी दार उघडलं, त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू जा गं. हा माझ्याकडे जेवेल." विचारावंसुद्धा लागलं नाही.

घरी राहायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण आमच्या रक्तपेढीत रात्रपाळीला जी होती तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. मी पोचेपर्यंत तिला उठता येत नाही. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पाच दिवसच टिकतात, त्याही २० ते २४ अंशांत, रात्रंदिवस हलत राहणाऱ्या यंत्रावर. तांबड्या पेशींचा फ्रिज २ ते ६ अंशांवर राहावा लागतो. वॉर्डातून कधीही क्रॉसमॅचचा, म्हणजे पेशंटला दात्याचं रक्त जुळतं का ते तपासायचा, नमुना येतो. या दिवसांत डेंग्यूमुळे मागणी वाढते आणि नेमकं तेव्हाच रक्तदात्याला घराबाहेर पडणं अवघड होतं. तिथे माणूस हवाच.

स्लो लोकल मुंब्र्याच्या पुढे थांबली ती थांबलीच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि डब्यात पाय हलवायला जागा नाही. पाऊण तास झाला. एका कॉलेजच्या मुलीची परीक्षा होती, ती रडायला लागली. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी तिला खिडकीजवळ सरकवलं, कोणीतरी पाणी दिलं. मी डबा उघडला. सहा दशम्या होत्या, त्यांचे तुकडे करून पुढे दिले. सोबतची शेंगदाण्याची चटणी हातोहात गेली. बाहेर नारिंगी रेनकोट घातलेला एक ट्रॅकमन गुडघाभर पाण्यात उभा राहून काठीने रूळ चाचपत होता. तो पुढे सरकेल तशी आमची गाडी हळूहळू सरकत होती.

त्याच्याकडे बघताना, बाबा, मला तुमची एसटीची मुक्कामी गाडी आठवली. संध्याकाळी पाटणहून निघून कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीत तुम्ही मुक्कामाला राहायचात आणि पहाटे तीच गाडी शाळेची पोरं नि दुधाच्या कॅन घेऊन परत आणायचात. पावसाळ्यात दरड यायची, ओढा फुगायचा, सकाळची गाडी दुपारी यायची. घरी आलात की तुम्ही काय बिघडलं ते सांगतच नव्हता. कोणी कंदील धरला, कोणत्या पोरांनी दगड बाजूला केले, कोणत्या म्हातारीने भाकरी बांधून दिली, तेवढंच सांगायचात, नावानिशी. लहानपणी मला वाटायचं, बाबांना त्रास झालाच नाही वाटतं. आज डब्यात उभी राहून मीही तशीच माणसं मोजत होते. काकू, दारातल्या बाई, ट्रॅकमन. मोजता मोजता माझी छातीतली धडधड कमी झाली.

गाडी कुर्ल्याच्या पुढे जाणार नाही, असं कळलं. घाटकोपरला उतरले, मेट्रोने अंधेरी गाठली, तिथून पश्चिम रेल्वेच्या स्लो लोकलने प्रभादेवी. उलटा, लांबचा वळसा, पण ती लाइन चालू होती. पूल ओलांडून परळला रक्तपेढीत पाऊल टाकलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. साडेआठची ड्यूटी.

ती रात्रपाळीवाली टेबलाशी ताठ बसली होती. डोळे लाल, पण रजिस्टर पूर्ण भरलेलं. मी काही बोलायच्या आत तिने मला मिठी मारली. बाहेर बाकावर विरारहून आलेला एक मुलगा बसला होता. वॉर्डातल्या एका लहान मुलीला प्लेटलेट्स द्यायच्या होत्या. ना तिची ओळख, ना पाळख. दात्याच्या रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढायच्या मशीनवर दीड तास जातो आणि एकटीला ते चालवून बाकीचं सांभाळता येईना, म्हणून तो नऊपासून थांबला होता. "परत गेलो असतो तर उद्या येता आलं नसतं," एवढंच म्हणाला. दुपारी दोनला पिशवी वॉर्डात गेली.

आई, आज तुझीही फार आठवण आली. बाबांची गाडी कितीही उशिरा आली तरी चुलीच्या वैलावर आमटी गरम असायची. चार-चार तास तू ती निवू न देता, उतू न जाऊ देता सांभाळायचीस आणि मध्येच दारात जाऊन रस्ता बघून यायचीस. बाबांचे आभार गावाने मानले, तुझे कोणी मानले नाहीत, मीही नाही. आज मानते. मला जे नेटाने उभं राहता येतं ते तुम्हा दोघांकडून आलंय, आणि हे फोनवर बोलायला गेले असते तर मला रडूच आलं असतं.

रात्रपाळीवालीचा संध्याकाळी फोन आला. दुपारी घरी पोचली, बाळ पोटभर पिऊन झोपलंय. नातू काकूंकडे खिचडी खाऊन पत्ते खेळायला शिकला. पाणी आठ वाजता आलं.

बाबा, गुडघ्याला तेल लावताय ना? घाटात पाऊस आहे तोवर तपासणीसाठी कराडला एकटे जाऊ नका, दादाला सोबत न्या. आणि आई, पुढच्या वेळी दशम्या थोड्या जास्त कर. डब्यातल्या बायका विचारत होत्या, दुधात भिजवतेस की गूळपाण्यात.

तुमची लेक